रक्ताचा हिशेब कोण ठेवतो?



खेड्यात खून झाला की वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. त्यात एक शब्द ठरलेला असतो: 'पूर्ववैमनस्यातून'. पोलिसांच्या कागदात तोच शब्द, सरकारी वकिलाच्या तोंडी तोच शब्द. वैमनस्य कशाचे, ते कोणी पेरले, इतकी वर्षे कोणी जोपासले आणि त्यातून कोणाचे घर भरले, हे कोणी विचारत नाही. शहरातला वाचक पान उलटतो आणि मनात म्हणतो, "खेड्यातली माणसे अशीच. त्यांच्या रक्तातच आहे."

शहरातल्याने म्हटले तर समजू शकते. वाईट याचे वाटते की आपणही तेच म्हणतो. पारावर बसून तंबाखू मळत म्हणतो, "भाऊबंदकी काय आजची आहे? कौरव-पांडवांपासून चालत आलेली. सुईच्या टोकावर राहील एवढी जमीनसुद्धा दुर्योधनाने दिली नाही, तर आमचा चुलता काय देणार!" एवढे म्हटले की सगळे मोकळे. चुलताही मोकळा, पुतण्याही मोकळा आणि दोघांच्या भांडणावर जगणारा तर पहिला मोकळा.

आमचे म्हणणे सरळ आहे. वैर रक्तात नसते. रक्तात असते तर ते सगळीकडे आणि सदासर्वकाळ सारखे दिसले असते. तसे दिसत नाही. ते काही मुलखांत, काही काळात उगवते आणि परिस्थिती पालटली की वाळून जाते. ज्याला उगवायला विशिष्ट जमीन आणि विशिष्ट हवामान लागते ते पीक असते. आणि पीक म्हटले की पेरणारा कोण, राबणारा कोण आणि माल कोणाच्या खळ्यावर जातो, हे विचारलेच पाहिजे. तेच आज जगातल्या चार-पाच ठिकाणचे दाखले घेऊन तपासू.

आपल्यासारखीच कोरडवाहू रायलसीमा

लांब जायला नको. आंध्रातला अनंतपूर, कर्नूल, कडप्पा हा मुलूख पाहा. अनंतपूर पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे भुईमूग. कर्नूलकडे काळी जमीन, त्यात कापूस आणि ज्वारी. अदोनीचा कापसाचा बाजार दक्षिणेत नावाजलेला. म्हणजे माणसे आपल्यासारखीच, आभाळाकडे बघून जगणारी. या मुलखाला साऱ्या देशाने दोन-तीन पिढ्या ओळखले ते मात्र 'फॅक्शन' या शब्दाने. गावात दोन घराणी, दोन तट, गावठी बॉम्ब, आणि एका खुनाला दुसऱ्या खुनाचे उत्तर.

हेही रक्तातले म्हणायचे का? इतिहास बघा. विजयनगर बुडाल्यावर इथे पाळेगार माजले. गढी बांधायची, शिबंदी ठेवायची आणि रयतेकडून वसूल करायचा. १८०० साली निजामाने हा मुलूख इंग्रज कंपनीला देऊन टाकला. थॉमस मन्रो तिथे १८०७ पर्यंत प्रमुख कलेक्टर होता. त्याने सुमारे ऐंशी पाळेगार मोडून काढले. कोणाला हुसकावले, कोणाला पेन्शन देऊन बसवले. गढ्या पडल्या, पण गावातला 'मोठा माणूस' राहिला. कोर्ट लांब, पोलीस त्याच्या ओसरीवर. गरिबाला संरक्षण हवे तर कोणत्या तरी ओसरीचा आसरा घ्यायचा. आसरा घेतला की तट आला आणि तट आला की वैर आले.

स्वातंत्र्यानंतर ओसरीवरच्या माणसाच्या हाती नवी कमाई लागली. दारूचे ठेके, रस्त्यांची कामे, खाणी, आणि या सगळ्यांची किल्ली म्हणजे निवडणूक. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या के. बालगोपाल यांनी या मुलखावर पुष्कळ लिहून ठेवले आहे. गावातली जुनी भांडणे राजकारणाच्या आणि ठेकेदारीच्या शिडीला कशी जोडली गेली, ते त्यांच्या लिखाणातून कळते. भांडणे नेत्यांना सोयीची होती. ज्याच्या मागे मरायला आणि मारायला माणसे, त्याला तिकीट.

अनंतपूरच्या परिटाला घराण्याची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. १९७५ साली बाप श्रीरामुलू मारला गेला. १९९३ मध्ये टीव्हीच्या संचात बॉम्ब ठेवून विरोधी घराण्यातली माणसे मारली गेली. १९९७ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत मोटारीत बॉम्ब फुटला. मुलगा रवी वाचला आणि २६ जण मेले. त्यांत बहुतेक चित्रीकरणाला आलेली, या वैराशी काडीचा संबंध नसलेली माणसे. २००५ च्या २४ जानेवारीला रवी मारला गेला. तोवर तो मंत्री होऊन गेला होता. त्या खुनातला एक मुख्य आरोपी २००८ साली तुरुंगातच मारला गेला. आणि रवीचा हाडवैरी सूरी २०११ च्या जानेवारीत मारला गेला, तो शत्रूच्या हातून नव्हे, स्वतःच्या साथीदाराच्या हातून.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबा. घराण्याच्या इज्जतीसाठी म्हणून चालवलेल्या लढाईचा शेवट आपल्याच गोटातल्या गोळीने झाला. इज्जतीचा हिशेब असता तर असे झाले नसते. हिशेब दुसराच होता. आणि छत्तीस वर्षांच्या या वैरात अनंतपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीला एक हात पाणी वाढले नाही.

डुक्कर, लाकूड आणि कोळसा

कोणी म्हणेल, हा आपल्याकडचा मागासलेपणा. तर अमेरिकेत चला. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या दोन राज्यांच्या मध्ये टग नावाची नदी आहे. एका काठाला हॅटफिल्ड, दुसऱ्या काठाला मकॉय. १८७८ साली एका डुकरावरून कज्जा झाला. १८८२ च्या निवडणुकीच्या दिवशी दारू पिऊन मारामारी झाली, मकॉयच्या तीन पोरांनी एका हॅटफिल्डला भोसकले. तो मेला तेव्हा हॅटफिल्डांनी त्या तिघांना झाडाला बांधून गोळ्या घातल्या. १८८८ च्या पहिल्या दिवशी मकॉयचे घर जाळले. सगळे मिळून डझनभर माणसे गेली. अमेरिकेतली वर्तमानपत्रे 'रानटी डोंगरी लोकांच्या' बातम्यांवर वर्षानुवर्षे खपली.

पण एक गोष्ट ती वर्तमानपत्रे सांगत नव्हती. १८८२ नंतर पाच वर्षे हे भांडण जवळजवळ थंड पडले होते. ते पुन्हा पेटले १८८७ मध्ये. पेटवणाऱ्यांत पुढे होता पेरी क्लाइन नावाचा वकील. या क्लाइनची पाच हजार एकर लाकडाची जमीन हॅटफिल्डांच्या म्होरक्याने कोर्टकज्जात मिळवली होती. आता त्या खोऱ्यात रेल्वे येणार होती आणि जमिनीखाली कोळसा होता. क्लाइनने केंटकीच्या गव्हर्नराकडे वजन वापरून जुने खटले उकरून काढले, इनामे लावली. अल्टिना वॉलर या इतिहासकार बाईंनी १९८८ साली जुनी कागदपत्रे तपासून हा सगळा व्यवहार मांडला आहे. अखेर काय झाले? हॅटफिल्डाने जमीन विकून टाकली आणि खोरे कोळसा कंपन्यांच्या ताब्यात गेले. वैऱ्यांची नातवंडे एकाच खाणीच्या पोटात कोळसा फोडू लागली.

२००३ च्या १४ जूनला दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सलोख्याच्या कागदावर सह्या केल्या. चांगलेच झाले. पण तोवर कोळसा निघून गेला होता.

कानून

तिसरा दाखला अल्बानियाचा. युरोपातला हा छोटा डोंगराळ देश. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरात माणसे पिढ्यान्‌पिढ्या 'कानून' पाळत. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याकडे तो फारसीतून आला, त्यांच्याकडे तुर्कांबरोबर गेला. पंधराव्या शतकातल्या लेक दुकाग्जिनी या सरदाराच्या नावाने हा कानून ओळखला जाई. तो तोंडपाठ चाले. श्त्येफेन ग्येचोव या पाद्र्याने तो गोळा करून लिहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर १९३३ साली तो छापला गेला.

या कानूनात रक्ताला रक्त हा नियम होता. पण लक्षात घ्या, तो बेबंद नव्हता. मारण्याला मर्यादा होत्या. बाईवर हात टाकायचा नाही. घरी आलेला पाहुणा देवासारखा, मग तो वैरी का असेना. 'बेसा' म्हणजे दिलेला शब्द. त्या शब्दावर ठरलेल्या मुदतीपुरते वैर थांबे, शेतीभातीची कामे होत. जिथे राजाचे कोर्ट पोहोचत नाही, तिथे लोकांनी स्वतःपुरती केलेली ही व्यवस्था होती. तिची किंमत भयंकर होती. वैर असलेल्या घरातले पुरुष दगडी गढीवजा घरात महिनोन्‌महिने कोंडून बसत आणि शेत बाया ओढत. कानूनाने बाईला सोडले ते मारण्यापुरते. राबण्यातून सोडले नाही.

१९४४ नंतर साम्यवादी हुकूमशाहीने हे सगळे दडपून टाकले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे वैर दिसेनासे झाले. १९९१ मध्ये ती राजवट कोसळली आणि वैर पुन्हा वर आले. का आले? रक्तामुळे? नाही. जमिनीमुळे. १९९१ च्या जुलैत तिथे ७५०१ क्रमांकाचा कायदा झाला. सहकारी शेतांची जमीन घरटी माणसे मोजून वाटायची असे ठरले. उत्तरेच्या डोंगरात अनेक गावांनी हा कायदा न जुमानता आजोबा-पणजोबांच्या जुन्या हद्दी धरल्या. एकाच तुकड्याचे दोन मालक उभे राहिले. एकाकडे सरकारी कागद, दुसऱ्याकडे आजोबांचा दगड. निवाडा करणारे कोर्ट पांगळे, पोलीस पैशाचे. १९९७ मध्ये ठेवी दुप्पट-तिप्पट करून देणाऱ्या भामट्या योजना बुडाल्या, सरकार पडले आणि लोकांनी लष्कराची कोठारे लुटली. घराघरात बंदूक आली. जमिनीचा कच्चा कागद, मेलेले कोर्ट आणि भरलेली बंदूक, एवढे जमल्यावर पीक येणारच.

आणि या पिकाचे व्यापारीही निघाले. वैरामुळे जिवाला धोका आहे अशी प्रमाणपत्रे परदेशात आसरा मागणाऱ्यांना विकण्याचा धंदा काही 'सलोखा' संस्थांच्या आडोशाने चालला. मरणाचाही दाखला विकत मिळू लागला.

पडद्यावरचे वैर आणि पुस्तकातले वैर

आता मनोरंजनाकडे. आपल्या गावागावांत दुपारच्या वेळी टीव्हीवर हिंदीत डब केलेले तेलुगू सिनेमे चालू असतात. सुमो गाड्या हवेत उडतात, नायक कोयता उगारतो, शंभर माणसे आडवी होतात. १९९९ चा 'समरसिंहा रेड्डी' तुफान चालला आणि मग रायलसीमेच्या नावाने अशा सिनेमांची रांग लागली. २०१० मध्ये परिटाला प्रकरणावरच 'रक्त चरित्र' आला. पोरे ते बघून मिशीला पीळ देतात. आम्ही विचारतो, त्या आडव्या झालेल्या शंभर माणसांची घरे कोणी पडद्यावर पाहिली? त्यांच्या सोसायटीच्या कर्जाचे काय झाले? त्यांची बायको मोलमजुरीला कोणाच्या बांधावर गेली? रायलसीमेतल्या लोकांनी स्वतःच पुष्कळदा तक्रार केली आहे की सिनेमावाल्यांनी आमच्या मुलखाला बदनाम करून पैसा केला. २०१८ च्या 'अरविंद समेत' या सिनेमात निदान बायकांचे दुःख आले आणि वैर थांबवायला निघालेला नायक आला. एवढी अक्कल यायला वीस वर्षे लागली.

जुन्या लेखकांना ती आधीच होती. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी आइसलँडमध्ये नियालची गाथा रचली गेली. त्यात दोन जिवलग मित्रांच्या बायका मेजवानीत मानाच्या जागेवरून भांडतात. एक दुसरीच्या गड्याला मारवते, दुसरी हिच्या गड्याला. प्रत्येक खुनानंतर नवरे भेटतात आणि भरपाईची चांदी देऊन मिटवतात. गंमत अशी की दिलेली चांदी पुढच्या खुनाला परत येते. तीच चांदी इकडून तिकडे आणि मेलेले गडी मातीत. गडी कोणाच्या मोजणीत नव्हते. शेवटी मालकांची घरे पेटली तेव्हा हिशेब कळला. त्या बेटाला राजा नव्हता, शेतकरीच सभा भरवून न्याय करत. पण मोठ्या घराण्यांच्या वैराने सगळे पोखरले आणि १२६२ ते १२६४ या काळात थकलेल्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचे मांडलिकत्व कबूल केले.

अल्बानियाचा थोर लेखक इस्माईल कादरे २०२४ साली वारला. त्याची एक कादंबरी याच कानूनावर आहे, मोडलेल्या एप्रिल महिन्याच्या नावाची. भावाचा सूड घेतलेला तरुण मुलगा, आणि तीस दिवसांच्या बेसेत उरलेले त्याचे आयुष्य. पण आम्हाला त्यातले सगळ्यात मोलाचे पात्र वेगळे वाटते. डोंगरातल्या मोठ्या वाड्यावर एक कारभारी आहे. खून केलेल्याने वाड्यावर येऊन रक्ताचा कर भरायचा आणि कारभाऱ्याने तो वहीत लिहायचा. हा कारभारी चिंतेत आहे. कशाच्या? यंदा खून कमी झाले, वसुली घटली!

भावांनो, तो कारभारी ओळखून ठेवा. तो फक्त कादंबरीत नाही. पेरी क्लाइन तोच. ठेकेदारीच्या शिडीवर बसलेला फॅक्शनचा नेता तोच. आणि आपल्या तालुक्याला गेलात तर तो चहाच्या टपरीवर भेटेल. "माघार घेऊ नको, तुझी बाजू भक्कम आहे," असे सांगताना.

आपला इतिहासही हेच सांगतो. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले. चुलता रघुनाथराव गादीसाठी मुंबईच्या इंग्रजांकडे गेला आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. सात वर्षे लढाई झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावाला गादी मिळाली नाही, पेन्शन मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. खाडिलकरांनी १९०९ साली यावर नाटक लिहिले आणि नाव दिले 'भाऊबंदकी'. भाऊ भांडले, बंदोबस्त तिसऱ्याचा झाला.

कोसोवोने काय केले

मग उपाय आहे की नाही? आहे, आणि तो आमच्या-तुमच्यासारख्या लोकांनी करून दाखवला आहे.

अल्बानियाला लागून कोसोवो. वस्ती अल्बानियन, अंमल त्या वेळी युगोस्लाव्हियाचा. १९८९ मध्ये सर्बियाच्या सरकारने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली. शेकडो घरांत जुनी वैरे चालू होती. माणसे सरकारच्या पोलिसांपेक्षा शेजाऱ्याला जास्त भीत होती. १९९० च्या फेब्रुवारीत काही विद्यार्थी पुढे आले. त्यांत तुरुंगवास भोगून आलेल्या तरुण मुलीही होत्या. त्यांनी ठरवले की आधी आपल्यातले रक्त थांबवायचे. त्यांनी लोककथा-लोकगीतांचे अभ्यासक, सत्तरीला आलेले प्राध्यापक अंतोन चेत्ता यांना गळ घातली. चेत्तांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी गोळा केली होती, त्यामुळे डोंगरातला माणूस कोणत्या शब्दाला वितळतो हे त्यांना माहीत होते.

हे लोक घरोघर गेले. पहिल्यांदा नकार मिळाला तर पुन्हा गेले. ज्याचा मुलगा किंवा भाऊ मेला त्याच्यासमोर बसले आणि मागणे मागितले: तरुण पिढीच्या नावाने, लोकांच्या नावाने, झेंड्याच्या नावाने हे रक्त सोड. मग गावसभा. सगळ्यांसमोर बापाने उठायचे, मारणाऱ्याच्या घराण्यातल्या माणसाचा हात हातात घ्यायचा आणि क्षमा जाहीर करायची. १९९० च्या १ मे रोजी पश्चिम कोसोवोत डेचानजवळच्या माळावर लाखो लोक जमले आणि एका दिवसात कितीतरी वैरे मिटली. पुढे सरकारने अशा सभांवर बंदी घातली, तर लोक घरांतून बैठका घेऊ लागले. दोन वर्षांत हजाराच्या आसपास वैरे मिटली.

हे कशामुळे जमले? उपदेशाने नव्हे. उपदेश चर्च आणि मशिदी शतकानुशतके करतच होत्या. या लोकांनी इज्जत कोणाला मिळते, तेच पालटले. तोवर सूड घेईल तो मर्द आणि सोडेल तो नामर्द. त्यांनी हजारोंच्या सभेत सोडणाऱ्याला मंचावर नेले, त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ज्या गावाच्या टोमण्यांनी माणसाच्या हातात बंदूक दिली होती, त्याच गावाने ती उतरवून घेतली. कायदा, पोलीस, पैसा यांपैकी काहीही त्यांच्या हाती नव्हते. हाती होती फक्त संघटना.

तंटा कशाला म्हणायचे नाही

इथे एक खबरदारी. सलोख्याच्या नावाखाली दुबळ्याचे तोंड दाबण्याचे धंदेही चालतात. म्हणून स्पष्ट सांगतो.

बरोबरीच्या दोघांचे भांडण म्हणजे तंटा. सगळ्या गावाने मिळून एका घरावर तुटून पडणे म्हणजे तंटा नव्हे, तो अत्याचार. २००६ च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित शेतकऱ्याच्या घरातली चार माणसे मारली गेली. त्यामागे शेतातल्या रस्त्याचा वादही होता. म्हणून त्याला 'शेतीच्या वादातून' म्हणायचे का? म्हणणारे निघाले होते. अशा ठिकाणी 'मिटवून घ्या' म्हणणारा माणूस अत्याचार करणाऱ्याचा वकील असतो. तिथे खटला चालला पाहिजे, शिक्षा झाली पाहिजे.

तसेच बहिणीचे. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. बहिणीने हिस्सा मागितला की, "घर फोडायला आली, भाऊबंदकी लावली," असे म्हणतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. हक्क मागणे म्हणजे वैर नव्हे. उलट भाऊ दोघे एक झाले आणि बहिणीला काढून टाकले, तर तो सलोखा नव्हे, ती वाटमारी.

सहा किलो ज्वारी

आता आपल्या धुऱ्यावर या. आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी कुऱ्हाड चालते हे खरे. पण कोर्टात चालणारे वैर मारत नाही असे समजू नका. ते सावकाश मारते.

हिशेब करू. दोनशे मीटर लांबीचा बांध. शेजाऱ्याने एक फूट कोरला. झाली सुमारे ६१ चौरस मीटर जागा, म्हणजे पाऊण गुंठाही नाही. कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल धरा, या तुकड्यात वर्षाला सहा किलो ज्वारी येते. कापूस एकरी पाच क्विंटल धरा, साडेसात किलो येतो. तालुक्याच्या कोर्टाची एक तारीख करायला एसटीचे भाडे, चहापाणी, बुडालेली मजुरी आणि वकिलाचे पैसे मिळून किती जातात, ते ज्याचे त्याला माहीत. एका तारखेत कित्येक वर्षांची ज्वारी जाते. आणि तारखा काही एक-दोन नसतात.

शिवाय जमिनीचे नुकसान वेगळे. दोन्हीकडून नांगराचे एकेक तास आत घालत गेले की धुरा अरुंद होतो. मोठा पाऊस आला की तो फुटतो. वरच्याची माती वाहून खालच्याच्या पिकावर बसते. कोरडवाहूत ओल हेच भांडवल. ते धुरा धरून ठेवतो. वादातला धुरा कोणी बांधत नाही, त्यावरचे गवत कोणी काढत नाही, शेताकडे जाणारी गाडीवाट बंद होते आणि वेचलेला कापूस डोक्यावरून आणावा लागतो. सहा किलो ज्वारीपायी दोघांच्याही शेताचा कस जातो.

काही जण म्हणतील, सरकारच्या योजना आहेत ना. आहेत. २००७ च्या १५ ऑगस्टला तंटामुक्त गाव मोहीम निघाली. हेतू चांगला. पण बक्षिसासाठी मुदतीत आकडा गाठायचा म्हटले की तंटा मिटतो तो रजिस्टरात. २०२३ साली सलोखा योजना आली: बारा वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात गेलेल्या जमिनींची अदलाबदल करायला एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी. हे हत्यार कामाचे आहे. पण हत्यार आपोआप चालत नाही. दोघे भाऊ एका टेबलापाशी आणणे सरकारला जमणार नाही. ते आपले काम आहे.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमच्या सूचना अशा:

१. प्रत्येक गावशाखेने आपल्या गावातले बांधाचे, वाटेचे, पाण्याचे आणि वाटणीचे चालू दावे लिहून काढावेत. नावे जाहीर करायची नाहीत, आकडा मात्र बैठकीत सांगायचा.

२. प्रत्येक दाव्यासाठी तीन माणसे नेमावीत: एक वडीलधारा, एक तरुण आणि एक बाई. तिघांपैकी कोणीही त्या घरांचा सोयरा नसावा, आणि निवडणुकीचा उमेदवार तर अजिबात नसावा.

३. सरकारी मोजणी दोघांच्या निम्म्या-निम्म्या खर्चाने करावी. मोजणीच्या दिवशी गावशाखेचे लोक हजर राहावेत. खुणेचे दगड त्याच दिवशी बसवावेत.

४. वाट अडली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम ५ आणि जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. तहसीलदाराकडे दोघांनी मिळून जावे.

५. समझोता तोंडी ठेवू नये. कोर्टात दावा असेल तर लोकअदालतीत नोंदवावा. त्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, त्यावर अपील नसते आणि कोर्ट फी परत मिळते.

६. अत्याचाराचे गुन्हे आणि बहिणीचा हिस्सा या दोन बाबतीत माघारीचा आग्रह कोणीही धरायचा नाही. धरेल त्याला समितीतून काढावे.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचे. जो पहिला दावा काढून घेईल त्याला पुढच्या जिल्हा बैठकीत मंचावर बसवावे. पुढाऱ्याच्या आधी त्याचा सत्कार व्हावा. 'शेपूट घातले' असे म्हणणाऱ्याला त्याच गावात उत्तर मिळाले पाहिजे.

पेरणीला अजून अवकाश आहे. मृगाच्या आधी प्रत्येक गावशाखेने निदान एक धुरा दोघा शेजाऱ्यांच्या हातांनी बांधून घ्यावा. वर्षाचा पहिला पाऊस त्या धुऱ्याला टेकून उभा राहील तेव्हा ओल दोन्ही शेतांत मुरेल. रक्ताचा हिशेब ठेवणाऱ्या कारभाऱ्याची वसुली यंदा आपल्या जिल्ह्यात घटली पाहिजे. तो चिंतेत पडला की समजावे, आपले काम नीट चालले आहे.